प्लाझ्मात सरफेसवरून निगेटिव्ह आयन कसे निघतात, आणि एमएस्सीच्या प्रोजेक्टात ते कसे पकडायचे

आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकू. इथं निगेटिव्ह आयन म्हणलं की ते ऑनलाइन विकायलेत ते "एनर्जी ब्रेसलेट" नाही, त्याचा आणि आपल्या विषयाचा काडीचा संबंध नाही, उलट तसल्या काही ब्रेसलेटात आणि लॉकेटात किरणोत्सारी खनिजं सापडलीत म्हणून २०२१ मध्ये नेदरलँडच्या अणुसुरक्षा खात्यानं लोकांना ते वापरू नका म्हणून सांगितलं होतं. घरात कुणी घातलं असेल तर काढायला लावा आणि मग पुढं वाचा.

आपला विषय असा: व्हॅक्यूम चेंबरमध्ये हायड्रोजनचा प्लाझ्मा (म्हणजे इलेक्ट्रॉन आणि आयन सुटे झालेला गॅस) आहे, त्याच्या शेजारी धातूची प्लेट आहे, हायड्रोजनचा अणू प्लेटवर आपटतो आणि परत येताना एक जास्तीचा इलेक्ट्रॉन घेऊन येतो. झाला एच मायनस. एवढंच. पण "एवढंच" म्हणण्यात सगळी गोम आहे, कारण नांदेड, परभणी, लातूर, संभाजीनगर कुठल्याही कॉलेजातल्या पोराला विचारा की बाबा इलेक्ट्रॉन कसा येतो, तो म्हणणार "सिझियम लावलं की वर्क फंक्शन कमी होतं, मग इलेक्ट्रॉन सहज सुटतो". (वर्क फंक्शन म्हणजे धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी एनर्जी.) बरोबर आहे पण अर्धंच. इलेक्ट्रॉन अणूवर चढणं ही अडचण नाहीच, तो टंगस्टनवर पण चढतो, सिझियम न लावता पण चढतो. अडचण आहे तो अणू प्लेटपासून लांब जाईपर्यंत इलेक्ट्रॉन टिकण्याची. हे एकदा डोक्यात बसलं की कुठला सरफेस घ्यायचा, किती बायस (म्हणजे प्लेटला बाहेरून दिलेलं व्होल्टेज) द्यायचा, पेपरमधला कुठला आकडा खरा मानायचा हे सगळं आपोआप कळायला लागतं, आणि नाही बसलं तर सेमिनारमध्ये पहिल्याच प्रश्नाला गाडी अडकते.

सावकाराकडून उसने घेतल्यासारखं आहे बघा. ओट्यावर उभे असता तोवर पैसे हातात, पण निघालात की तो मागून परत मागायला येतो, तुम्ही जितके रमतगमत जाल तितकी वसुली होण्याची शक्यता जास्त. झपाझप निघालात तर सुटलात.

आता हेच आकड्यात मांडू, कागद-पेन घ्या खरंच, मोबाईलवर वाचून सोडू नका.

हायड्रोजनची इलेक्ट्रॉन अफिनिटी ०.७५ इव्ही (इलेक्ट्रॉन-व्होल्ट, एनर्जीचं माप), म्हणजे मोकळ्या जागेत अणूनं जास्तीचा इलेक्ट्रॉन धरला तर तो एवढ्याच ताकदीनं धरलेला असतो. टंगस्टनचं वर्क फंक्शन साधारण ४.५ इव्ही, म्हणजे धातूनं आपले इलेक्ट्रॉन ४.५ नं धरलेत. मग धातूतला इलेक्ट्रॉन ०.७५ वाल्याकडं कशाला जाईल? लांबून बघितलं तर जाणारच नाही. पण अणू प्लेटच्या जवळ आला की इमेज चार्जचा खेळ सुरू होतो, निगेटिव्ह आयनचा आरसा-चार्ज धातूत पॉझिटिव्ह असतो, तो आयनला खाली ओढतो, त्यामुळं अणूची अफिनिटीची लेव्हल खाली सरकते. किती सरकते त्याचं साधं सूत्र: ३.६ भागिले अंतर, अंतर अँगस्ट्रॉममध्ये, उत्तर इव्हीमध्ये. ही लेव्हल धातूच्या फर्मी लेव्हलच्या (धातूत इलेक्ट्रॉन जिथंवर भरलेले असतात ती पातळी) खाली गेली की इलेक्ट्रॉन टनेलिंग करून, म्हणजे मधल्या अडथळ्यातून आरपार निघून, अणूवर येतो.

मग कुठल्या अंतरावर हे होतं? ०.७५ अधिक ३.६ भागिले अंतर बरोबर वर्क फंक्शन, एवढं समीकरण सोडवा. टंगस्टनला (४.५) अंतर येतं ०.९६ अँगस्ट्रॉम, म्हणजे अणू जवळजवळ प्लेटला चिकटलाच पाहिजे. सिझियमचा जाड थर असेल तर वर्क फंक्शन २.१ च्या आसपास, अंतर येतं २.७ अँगस्ट्रॉम. आणि टंगस्टनवर सिझियमचा अर्ध्याहून थोडा जास्त एवढाच एक-अणू-जाडीचा थर असेल तर वर्क फंक्शन १.५ पर्यंत उतरतं, तिथं अंतर ४.८ अँगस्ट्रॉम. आता बघा, अणू प्लेटवर आपटून परत निघाला, इलेक्ट्रॉन त्याच्याकडं आहे, पण त्या अंतराच्या पुढं गेला की लेव्हल परत फर्मीच्या वर येते आणि इलेक्ट्रॉनला धातूत रिकामी जागा दिसायला लागते. टनेलिंगचा वेग अंतराबरोबर घातांकी पद्धतीनं म्हणजे धडाधड कमी होतो. तर ०.९६ वर वसुली सुरू झाली तर टनेलिंग जोरात आहे, इलेक्ट्रॉन गेलाच समजा. ४.८ वर वसुली सुरू झाली तर टनेलिंग आधीच मंदावलेलं आहे, अणू निसटतो. सिझियमचं खरं काम हे आहे!

याचा हिशोब ॲमस्टरडॅमच्या फोम संस्थेतल्या रासर, व्हान वुनिक आणि लॉस या मंडळींनी १९८२ च्या सुमारास मांडला, आणि तो इतका सुटसुटीत आहे की एक्सेलमध्ये दोन मिनिटात बसतो. मी तो किलोमीटर पर सेकंदमध्ये लिहितो म्हणजे घातांक लिहायची कटकट नको:

टिकण्याची शक्यता = ०.६४ × ई चा (मायनस क्ष) घात
क्ष = १.५७ × (वर्क फंक्शन − ०.७५) ÷ (०.०३ × वेग)

वेग म्हणजे प्लेटपासून सरळ उभ्या दिशेनं लांब जायचा वेग, तिरका गेला तर त्याचा उभा भागच घ्यायचा, इथं हमखास चुका होतात. ०.०३ हा आकडा काही पवित्र नाही, तो सरफेसप्रमाणं ०.०२ ते ०.०५ मध्ये हलतो, म्हणून प्रोजेक्टात तिन्ही किमतींचे ग्राफ काढा, एकच काढून "हेच उत्तर" म्हणू नका. हायड्रोजनचा वेग काढायला १३.८ गुणिले एनर्जीचं वर्गमूळ.

१० इव्हीनं निघालेला अणू घेऊ, वेग ४३.८. वर्क फंक्शन १.५ धरलं तर शक्यता येते ०.२६, म्हणजे चारातला एक. २.१ धरलं तर ०.१३. साधं टंगस्टन, ४.५, तर ०.००७. आता तोच अणू १ इव्हीनं निघाला तर? १.५ वर ०.०३७, आणि टंगस्टनवर आकडा एवढा बारीक येतो की दहा लाखात अर्धासुद्धा नाही. म्हणजे हळू अणू असतील तर सिझियमशिवाय पर्यायच नाही, पण अणू चांगला वेगात असेल तर वर्क फंक्शन थोडं जास्त असलं तरी काहीतरी हाती लागतं. सगळ्या विषयाची चावी ह्या दोन ओळींत आहे, बाकी सगळं त्याच्या भोवतीची मशागत. ड्युटेरियम घेतलं तर त्याच एनर्जीला वेग वर्गमूळ २ नं कमी, म्हणून शक्यता पण कमी, १० इव्ही आणि १.५ ला ०.२६ च्या जागी ०.१८. हे व्हायव्हात हमखास विचारतात.

एक अजून गुणाकार राहतो. अणू आपटला म्हणून परत येईलच असं नाही, काही आत रुतून बसतात. जड धातूवरून, टंगस्टन मॉलिब्डेनमवरून, हलका हायड्रोजन चांगला उसळून येतो, कार्बनवरून त्या मानानं कमी. म्हणून एकूण यील्ड म्हणजे परत येण्याचा भाग गुणिले टिकण्याची शक्यता. त्यात सरफेसवर आधीच बसलेला हायड्रोजन आयनच्या माऱ्यानं उडून निगेटिव्ह होऊन येतो ती स्पटरिंगची वाट वेगळी, कार्बनच्या जातीच्या सरफेसवर ती वाट मोठी असते.

पण हे हवंय कशाला

गाइड म्हणतील ॲप्लिकेशन लिहा. फ्यूजनचं लिहा आधी. फ्रान्समध्ये इटर नावाचं फ्यूजनचं मोठं मशीन बांधायलेत, त्यातला प्लाझ्मा तापवायला १० लाख इव्हीचे ड्युटेरियमचे न्यूट्रल अणू आत मारायचेत, एका इंजेक्टरमधून १६.५ मेगावॉट. न्यूट्रल अणूला व्होल्टेजनं वेग देता येत नाही म्हणून आधी आयन करायचा, वेग द्यायचा, मग गॅसमधून नेऊन चार्ज काढायचा. पॉझिटिव्ह आयनचा चार्ज एवढ्या एनर्जीला जवळपास निघतच नाही, निगेटिव्हचा जास्तीचा इलेक्ट्रॉन सैल असतो, तो साधारण ६० टक्क्यांचा निघतो. म्हणून ४० अँपियर निगेटिव्ह आयन पाहिजेत, ०.३ पास्कलच्या प्रेशरला, तासभर सलग. ह्यात भारताचा पण वाटा आहे, इटरचा डायग्नोस्टिक (प्लाझ्मा तपासायचा) बीम भारताकडं आहे, १०० किलोव्होल्ट आणि ६० अँपियर एच मायनस, आणि गांधीनगरच्या इन्स्टिट्यूट फॉर प्लाझ्मा रिसर्चमध्ये रॉबिन नावाचा आयन सोर्स त्याच अभ्यासासाठी चालतो. हीच संस्था आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या प्रकल्पाच्या व्हॅक्यूमच्या कामात आहे, त्यामुळं मराठवाड्यातल्या पोरानं व्हॅक्यूम शिकून ठेवलं तर वाया जाणार नाही एवढं नक्की.

युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेचा लिनॅक-४ हा ॲक्सिलरेटर एच मायनसच पळवतो, १६० मेगा इव्हीला. पेट स्कॅनसाठी औषध बनवणारे बरेच सायक्लोट्रॉन (कण गोल फिरवून वेग देणारी मशीन) पण एच मायनसवर चालतात कारण पातळ कार्बन फॉइलमधून गेला की दोन्ही इलेक्ट्रॉन निघतात आणि बीम वळून बाहेर येतो. झालं, ॲप्लिकेशन संपलं, ह्यावर दहा पानं लिहू नका.

सिझियम वापरायचं म्हणजे काय

१९७१ मध्ये नोवोसिबिर्स्कच्या बुडकर इन्स्टिट्यूटमध्ये दुदनिकोव्हनं डिस्चार्जमध्ये थोडं सिझियम सोडलं आणि एच मायनसचा करंट कितीतरी पटीनं वाढला, बेलचेन्को आणि दिमोव्ह हे त्याच कामातले. तेव्हापासून आजतागायत मोठे सोर्स सिझियमवरच आहेत. त्याच्या आधी आणि नंतरही दुसरा एक रस्ता होता, प्लाझ्माच्या पोटातच, थरथरणाऱ्या हायड्रोजन मॉलिक्युलला हळू इलेक्ट्रॉन चिकटून तो तुटतो आणि एच मायनस होतो, त्यावर मार्थ बकाल यांचं १९७७ पासूनचं काम आहे. त्याला व्हॉल्यूम प्रॉडक्शन म्हणतात, आपला विषय सरफेस, रिपोर्टात दोन्हीचा काला करू नका.

तुमच्या कॉलेजात सिझियम आणायचं? माझं मत स्पष्ट आहे, आणू नका. सिझियम २८.५ डिग्रीला वितळतं. परभणीत एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो, म्हणजे कपाटातल्या अँप्यूलमध्ये ते पातळ होऊन बसलेलं असणार, ती अँप्यूल फुटली तर हवेतल्या ओलाव्याबरोबर पेट घेतं, पाण्यावर पडलं तर स्फोट. आर्गॉनचा ग्लोव्ह बॉक्स, कोरडा चेंबर, आणि ट्रेनिंग झालेला माणूस हे तिन्ही नसेल तर तो विचार सोडा.

पण ते कसं चालवतात हे माहिती पाहिजे. ओव्हनमध्ये सिझियम तापवून वाफ चेंबरमध्ये सोडतात, ती मॉलिब्डेनम लावलेल्या ग्रिडवर (जिच्या भोकांतून आयन बाहेर ओढतात ती प्लेट) बसते, ग्रिड मुद्दाम १५० डिग्रीच्या वर गरम ठेवतात म्हणजे जास्तीचं उडून जाईल आणि पातळ थर राहील. मगाशी म्हणलं तसं सगळ्यात कमी वर्क फंक्शन पूर्ण थराला नाही, अर्ध्याहून थोड्या जास्त थराला येतं, त्यापेक्षा जाड झालं की परत २.१ कडं सरकतं. म्हणून "जास्त सिझियम म्हणजे जास्त आयन" हे चूक. शिवाय चेंबरमध्ये थोडं पाणी, थोडा ऑक्सिजन असतोच, तो सिझियम खातो, प्लाझ्मा ते उडवतो, परत कुठंतरी बसवतो, त्यामुळं सोर्स आज चांगला चालला म्हणून उद्या तसाच चालेल ह्याची गॅरंटी नाही. सिझियम किती आहे ते ८५२ नॅनोमीटरच्या रेषेवरून बघतात.

जन्मलेला आयन जगवायचा कसा

सरफेसनं दिलं, अणू निसटला, आता पुढं प्लाझ्मा आहे आणि प्लाझ्मात एच मायनसचे शत्रू तीन. जोरदार इलेक्ट्रॉन धडकला की जास्तीचा इलेक्ट्रॉन उडतो. पॉझिटिव्ह आयन भेटला की दोघं न्यूट्रल. साधा हायड्रोजन अणू भेटला की दोघं मिळून मॉलिक्युल आणि इलेक्ट्रॉन मोकळा. पहिल्या शत्रूचा बंदोबस्त चुंबकानं करतात, ग्रिडच्या समोर काही मिलिटेस्लाचं आडवं फील्ड लावायचं, गरम इलेक्ट्रॉन तिकडंच अडकतात आणि ग्रिडजवळ इलेक्ट्रॉन टेम्परेचर १ इव्हीच्या आसपास उतरतं. एवढं करूनही एच मायनस काही सेंटिमीटरच जातो, म्हणून बाहेर येणारे आयन हे भोकाच्या अगदी आसपास जन्मलेले असतात, लांबच्या भिंतीला कितीही सिझियम लावा, ते आयन वाटेतच खपतात.

शीथ म्हणजे प्लाझ्मा आणि भिंत यांच्यामधला पातळ थर, त्याचं पण समजून घ्या. प्लाझ्मा भिंतीपेक्षा पॉझिटिव्ह असतो, म्हणून शीथमध्ये पॉझिटिव्ह आयन भिंतीकडं पळतात आणि निगेटिव्ह आयन भिंतीपासून प्लाझ्माकडं. म्हणजे सरफेसवर जन्मलेल्या आयनला शीथच बाहेर ढकलते, हा आपला फायदा. पण भिंतीतून फार निगेटिव्ह आयन निघायला लागले की त्यांचाच चार्ज समोर साचतो, खड्डा तयार होतो आणि मागून येणारे परत भिंतीवर पडतात. म्हणून यील्ड दुप्पट केलं तर बीम दुप्पट होत नाही, हे लक्षात ठेवा. आणि बाहेर ओढताना निगेटिव्ह आयनबरोबर इलेक्ट्रॉन पण येतात फुकटचे, ते ग्रिड तापवतात, इटरवाल्यांची अट आहे की एका आयनमागं एकापेक्षा कमी इलेक्ट्रॉन यायला पाहिजे. बऱ्याच वेळा मोठ्या सोर्सची मर्यादा आयनच्या करंटनं नाही, ह्या इलेक्ट्रॉननं ठरते.

सिझियमशिवाय

इथं संशोधनाला मोकळं रान आहे. दोन दिशा आहेत. एक म्हणजे वर्क फंक्शन आपोआपच कमी असलेला पदार्थ घ्यायचा, लॅन्थॅनम हेक्साबोराइड २.६ ते २.७, बेरियम २.५, सी१२ए७ नावाचा इलेक्ट्राइड २.४ च्या आसपास. मगाशीच्या सूत्रात घालून बघा, १० इव्हीला २.४ धरलं तर ०.०९ येतं, सिझियमच्या तिसऱ्या हिश्शाएवढं, पण ओव्हन नको, वाफ नको, टिकतं.

दुसरी दिशा जरा डोक्याला ताण देणारी. वसुली करणाऱ्याकडं ठेवायला जागाच नसेल तर? हिऱ्याला ५.५ इव्हीचा बँड गॅप आहे, त्या गॅपमध्ये इलेक्ट्रॉनला जायला लेव्हलच नाही, म्हणजे अणूवरचा इलेक्ट्रॉन परत जाऊ म्हणला तरी दार बंद. फ्रान्समध्ये एक्स-मार्सेय युनिव्हर्सिटीच्या पीम लॅबमध्ये कार्त्री यांच्या ग्रुपनं ह्यावर बरंच काम केलं, बोरॉन घातलेला डायमंडचा थर ४००-५०० डिग्रीला तापवला तर यील्ड काही पटीनं वाढतं असं त्यांना दिसलं, त्याउलट ग्रॅफाइट तापवलं तर यील्ड कमी होतं. आणि मजा म्हणजे वर दिलेलं सूत्र इथं चालत नाही! ते सूत्र धातूसाठी आहे, तिथं फर्मी लेव्हलच्या वर रिकाम्या जागा भरपूर असतात. एका सेमिनारला मी बघितलंय, हिऱ्याचं वर्क फंक्शन शोधून सूत्रात घालून उत्तर काढलं आणि कुणीच काही बोललं नाही. तुमच्या सेमिनारला कुणी असं केलं तर तुम्ही बोला.

मोजायचं कसं

कार्त्रींच्या ग्रुपची मोजायची पद्धत साधी आणि हुशारीची आहे. सॅम्पलला शंभर-सव्वाशे व्होल्ट निगेटिव्ह बायस द्यायचा, प्लाझ्मातले पॉझिटिव्ह आयन त्यावर आपटतात, तिथं तयार झालेले एच मायनस शीथमधून तेवढीच एनर्जी घेऊन बाहेर फेकले जातात, प्लाझ्मा ओलांडतात आणि समोरच्या मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये (आयनचं वस्तुमान आणि एनर्जी मोजणारं यंत्र) शिरतात. प्लाझ्माच्या पोटात जन्मलेल्या आयनकडं ही एनर्जी नसते त्यामुळं दोन्ही वेगळे ओळखू येतात. डेटा वाचताना बायस आणि प्लाझ्मा पोटेन्शियल वजा करा, मग जी एनर्जी उरते ती अणू सरफेसवरून निघतानाची. आणि डिटेक्टरला दिसतात ते फक्त समोरच्या छोट्या कोनातले, म्हणून काउंट म्हणजे यील्ड नाही.

प्लाझ्मातली डेन्सिटी मोजायला लेसर फोटोडिटॅचमेंट. १०६४ नॅनोमीटरचा निओडिमियम-याग लेसर म्हणजे १.१७ इव्हीचा फोटॉन, ०.७५ पेक्षा जास्त, म्हणून वाटेतल्या प्रत्येक एच मायनसचा इलेक्ट्रॉन सुटतो आणि लँगमुईर प्रोबवर (प्लाझ्मात घातलेली बारीक तार) करंटची एक टोचणी दिसते. टोचणीची उंची भागिले आधीचा इलेक्ट्रॉन करंट, झालं गुणोत्तर. लेसरची एनर्जी वाढवत न्या, सिग्नल एका जागी सपाट झाला पाहिजे, नाही झाला तर सगळे आयन फुटलेले नाहीत किंवा प्रोबच तापायलाय.

आपल्या लॅबमध्ये जमेल असं

आता खरं कामाचं. आपल्याकडं १०० किलोवॉटचा आरएफ (रेडिओ लहरींनी प्लाझ्मा पेटवणारा) जनरेटर नाही, मास स्पेक्ट्रोमीटर नाही, बऱ्याच ठिकाणी एक डिफ्यूजन पंप आणि एक कोटिंग युनिट एवढंच. तरी तीन गोष्टी होतात.

पहिली, वर्क फंक्शन म्हणजे सरफेसची गोष्ट आहे, आतल्या धातूची नाही, हे डोळ्यांनी बघायचं. जस्ताचा तुकडा घ्या, पॉलिश पेपरनं घासून चकचकीत करा, इलेक्ट्रोस्कोपवर ठेवा, निगेटिव्ह चार्ज द्या आणि यूव्ही-सी ट्यूब लावा. ट्यूबसाठी लांब जायला नको, आपल्याकडं बोअरच्या पाण्यामुळं घरोघरी आरओ-यूव्ही आहेत, त्याची स्पेअर ट्यूब दुकानात मिळते, २५४ नॅनोमीटर म्हणजे ४.९ इव्ही, जस्ताला ४.३ च्या आसपास लागतात. इलेक्ट्रोस्कोपची पानं मिटतील. मधे खिडकीची काच धरा, थांबतील, कारण काच ती यूव्ही अडवते. आता तोच तुकडा हवेत तसाच पडू द्या आणि परत करून बघा, ऑक्साइड चढला की मिटणं मंदावतं. धातू तोच, सरफेस बदलला. डोळ्याला आणि कातडीला ती यूव्ही वाईट, खोक्यात झाकून करा, चष्मा घाला. आणि हे फेब्रुवारी-मार्चमध्ये करा, पावसाळ्यात दमट हवेत इलेक्ट्रोस्कोपचा चार्ज आपोआपच गळतो, मग उगाच निष्कर्ष निघतात.

ह्याच हिशोबानं १२४० भागिले वर्क फंक्शन काढत जा, २.१ ला ५९० नॅनोमीटर येतं, म्हणजे सिझियमवाल्या ग्रिडवर साध्या पिवळ्या प्रकाशानं इलेक्ट्रॉन निघतात. मोठ्या लॅबमध्ये वेगवेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश टाकून करंट मोजूनच वर्क फंक्शन काढतात, फाउलरची पद्धत म्हणतात तिला.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात आवडणारी, कारण आपल्याकडं थिन फिल्मवाले भरपूर आहेत आणि त्यांना कळतच नाही की ते रोज सरफेसवरून निगेटिव्ह आयन काढायलेत. स्पटरिंगमध्ये, म्हणजे आयनच्या माऱ्यानं टार्गेटचे कण उडवून समोर फिल्म बसवतात त्या पद्धतीत, झिंक ऑक्साइड किंवा आयटीओचं (इंडियम टिन ऑक्साइड) टार्गेट असलं की त्याच्या सरफेसवरून ओ मायनस (ऑक्सिजनचा निगेटिव्ह आयन) निघतो. ऑक्सिजनची अफिनिटी १.४६ इव्ही, हायड्रोजनच्या जवळपास दुप्पट, त्यात ऑक्साइडमध्ये तो आधीच इलेक्ट्रॉन धरून बसलेला. टार्गेटवर ४०० व्होल्ट निगेटिव्ह असेल तर तो आयन ४०० इव्ही घेऊन सरळ समोरच्या फिल्मवर आपटतो आणि तुमची फिल्म बिघडवतो. सर म्हणतात "सब्सट्रेट साफ नव्हता", सब्सट्रेट बिचारा साफच होता.

प्रोजेक्ट असा करा. काचेचे लहान लहान तुकडे टार्गेटसमोर एका ओळीत मांडा, मधोमधपासून कडेपर्यंत, प्रत्येकाची जागा स्केलनं लिहून ठेवा. एकाच रनमध्ये सगळ्यांवर फिल्म टाका. मग प्रत्येकाची जाडी आणि फोर-प्रोबनं शीट रेझिस्टन्स मोजा, दोन्हीचा गुणाकार म्हणजे रेझिस्टिव्हिटी, तो जागेप्रमाणं मांडा. टार्गेटवर जिथं झिजून खाचेचा गोल पडलेला आहे त्याच्या बरोबर समोरच्या तुकड्यांवर रेझिस्टिव्हिटी चढलेली दिसेल. नुसता शीट रेझिस्टन्स मांडला तर तिथं फिल्म जाड असल्यामुळं परिणाम झाकला जातो, म्हणून जाडी मोजल्याशिवाय पुढं जाऊ नका. एक्सआरडी (एक्स-रेनं क्रिस्टलची रचना बघायचं मशीन) मिळालं तर पीक कुठं सरकलं, किती रुंद झालं ते बघा. नंतर एकेक गोष्ट बदला: प्रेशर वाढवा म्हणजे आयन वाटेत धडकून थकतो, व्होल्टेज कमी करा, सब्सट्रेट बाजूला किंवा काटकोनात ठेवा. तिन्हीत खाचेसमोरचा उंचवटा खाली आला तर दोष ओ मायनसचा. दोन महिन्यांत होणारं काम आहे आणि रिझल्ट तुमचा स्वतःचा.

पंपाचं मात्र सांभाळा. उन्हाळ्यात टाकीचं पाणी तापलेलं असतं, डिफ्यूजन पंप त्यावर थंड होत नाही आणि तेलाची वाफ चेंबरमध्ये शिरते. बोअरचं जड पाणी थेट कॉइलमध्ये सोडलं तर आतून क्षार चढतो. छोटा चिलर आणि बंद चक्रातलं डिस्टिल्ड पाणी, एवढा खर्च डिपार्टमेंटकडून मंजूर करून घ्या, लातूरकडच्यांना तर पाणी वाहतं सोडून देणं परवडणारच नाही. लाइट जायची वेळ माहिती असेल तर त्याच्या आधी हाय-व्हॅक्यूम व्हॉल्व्ह बंद झालेला पाहिजे, रन मधेच तुटला तर त्या फिल्मा बाजूला ठेवा, ग्राफमध्ये घुसडू नका. तेलाचा एक मॉलिक्युल-जाडीचा थर सरफेसवर बसला तरी वर्क फंक्शन वेगळंच होतं, आणि ते डोळ्याला दिसत नाही.

तिसरी गोष्ट नुसत्या लॅपटॉपवर. वरचं सूत्र पायथॉनमध्ये घाला, पण एका एनर्जीला नाही, अणूंच्या एनर्जीचं मॅक्सवेल वितरण (त्या टेम्परेचरला किती अणूंकडं किती एनर्जी, त्याचा हिशोब) घ्या, मोठ्या सोर्समध्ये अणूंचं टेम्परेचर १ इव्हीच्या जरा खाली असतं, त्यावर सरासरी काढा. दिसेल की बहुतेक आयन हे वितरणाच्या शेपटीतले वेगवान अणू देतात, सरासरी एनर्जीच्या अणूवरून काढलेलं उत्तर आणि हे उत्तर जुळत नाही. मग वर्क फंक्शन १.५ पासून ३ पर्यंत हळूहळू वाढवत न्या, कोनांचं वितरण पण घाला. ०.०३ च्या जागी ०.०२ आणि ०.०५ घालून पट्टा दाखवा.

रिपोर्ट लिहिताना यील्ड कशाचं म्हणताय ते पहिल्याच पानावर लिहा: आपटणाऱ्या दर आयनमागं, का परत आलेल्या दर कणामागं, का दर अणूमागं. एच३ प्लस आपटला तर तो तीन अणू घेऊन येतो, एका आयनमागं मोजलं तर आकडा तिप्पट दिसू शकतो, आणि दोन पेपरमधले आकडे शेजारी मांडताना बहुतेक वेळा भांडण इथंच असतं. उन्हाळी प्रोजेक्टसाठी गांधीनगरच्या संस्थेचे फॉर्म निघतात, त्यात "मला प्लाझ्माची आवड आहे" असं लिहिण्यापेक्षा तुमचा तो खाचेसमोरच्या रेझिस्टिव्हिटीचा ग्राफ जोडा.